रेकॉर्डिंगमध्ये नसलेले दाजी

त्या शनिवारी दुपारी मी आमच्या सीवूड्सच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये बास घेऊन उभा होतो. बास म्हणजे ब्रास बँडमधलं सगळ्यात मोठं, पोटाशी कवटाळून वाजवायचं पितळी वाद्य. ते आणि मी एका लिफ्टमध्ये असलो की तिसऱ्या माणसाला जागा उरत नाही, आणि यावरून सोसायटीत माझी पुरेशी थट्टा होऊन गेलेली आहे. फोन वाजला. भाची होती, रूथ. "मामा, पप्पा गेले…" एवढंच म्हणाली, मागं घरातला पंखा ऐकू येत होता. दाजींचं दुपारचं जेवण झालं, पेपर हातात घेतला, मान खाली गेली. अक्काला वाटलं डुलकी लागली. दाजींनी आयुष्यभर कुणाला ताटकळत ठेवलं नाही, जातानाही नाही. लिफ्टचं दार उघडलं, बाहेर चौथ्या मजल्यावरचे शेजारी होते. "काका, वर की खाली?" त्यांनी विचारलं, आणि मला खरंच सांगता येईना.

दाजी म्हणजे दानिएल साळवे. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कंपनीत शिफ्ट करून निवृत्त झालेला माणूस. पण कोपरखैरणेत त्यांना कंपनीवाले साळवे म्हणून कुणी ओळखत नसे. ते आमच्या चर्चच्या ब्रास बँडचे मास्तर होते आणि कॉर्नेट वाजवत. कॉर्नेट हा ट्रम्पेटचा बुटका भाऊ. गीताची चाल त्याच्याकडे असते, आम्ही बाकीचे खालून भरणा घालतो. दाजी मूळचे नगरकडचे. गावच्या चर्चमध्ये वडील भजनाला ढोलकी वाजवायचे आणि कपाटात कुणा जुन्या पाळकाचा विसरून गेलेला कॉर्नेट पडून होता. त्यावर हा मुलगा स्वतःच शिकला. इकडे आल्यावर त्यांनी बँड जमवला तो कुणाकुणातून म्हणाल तर एक रिक्षावाले, दोन शाळामास्तर, बँकेतले एक कॅशियर आणि एक मी, ज्याला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. "मेहुणे, तुमची छाती मोठी आहे, तुम्ही बास घ्या," असा माझ्या कलाजीवनाचा आरंभ. खुशीत असले की मी मेहुणे आणि अहोजाहो. रागावले की "प्रकाश, तू काय झोपलायस का?" बँडमध्ये मी बहुतेक प्रकाशच असायचो.

लोकांना वाटे, हे बँडवाले, म्हणजे लग्नाच्या ऑर्डरी घेत असणार. पांढरे शर्ट आणि लाल टाय घालून आम्ही कुठंही उभे राहिलो की कुणीतरी भाव विचारून जाई. दाजी शांतपणे सांगत, "आम्ही फक्त देवाचं वाजवतो." डिसेंबर लागला की सोसायट्यांची अंगणं, उद्यानं, स्टेशनाबाहेरचा चौक, वृद्धाश्रम, जिथं परवानगी मिळेल तिथं आमचा कार्यक्रम. सुवार्ता सांगायची दाजींची रीत निराळी होती. भाषण नाही, पत्रकं नाहीत. चाल वाजवायची आणि थांबायचं. कुणी येऊन "हे कशाचं गाणं?" असं विचारलं, तरच ते शब्द सांगणार. आमचे पाळकसाहेब कधीकधी चुळबुळत, की अरे, दोन शब्द तरी बोला. दाजी म्हणत, विचारणाऱ्याला सांगितलेलं त्याच्या लक्षात राहतं.

तुर्भ्याच्या बाजारात हमाली करणारे साताऱ्याकडचे एक गृहस्थ एकदा असेच थांबले. डोक्याला टॉवेल, हातात भाजीची पिशवी. आमचं गीत संपल्यावर सरळ दाजींपाशी येऊन म्हणाले, "मास्तर, ग्वाड वाजिवलं. पर हे हाय कशाचं?" दाजींनी सांगितलं, एक मेंढपाळ आहे, त्याचं एक मेंढरू हरवलंय, ते शोधायला तो बाकीचा सगळा कळप सोडून निघालाय. गृहस्थांनी क्षणभर विचार केला. "ह्ये काय खरं न्हाई. येका मेंढरापायी समदी उघड्यावर सोडली? लांडगं काय उपाशी बसत्यात व्हय?" आम्ही सगळे हसू दाबून उभे. दाजी मात्र गंभीर. म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण ते हरवलेलं मेंढरू मी असेन तर?" गृहस्थांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि ते निघून गेले. पुढच्या नाताळात त्याच चौकात ते पुन्हा दिसले, आणि कार्यक्रम लागायच्या आधीच येऊन उभे होते. दाजींना तो दिवस सणासारखा गेला.

लग्नाला वाजवायचं नाही हा नियम मात्र एकदा मोडला, आणि त्याचं श्रेय तळवलीच्या नामदेव पाटलांना. हे तिथले मूळ आगरी. पूर्वी शेती होती, आता तिच्या जागी त्यांचं तीन मजली घर आणि भाडेकरू. आगऱ्यांच्या हळदीला बँड नसेल तर ती हळद कसली! पाटील काकांनी आमचा कार्यक्रम ऐकला होता. ते थेट दाजींच्या घरी आले. "साळवेसायेब, आमचे पोरीची हलद हाय. तुमचाच बँड पायजेल." दाजींनी नियम सांगितला. पाटील काका म्हणाले, "मंग देवाचा वाजवा ना. पोरीला देवाचा आशीर्वाद नको काय?" आम्ही टाय बांधून हळदीला गेलो. पहिलं गीत रीतसर झालं. दुसऱ्याला आमच्या ड्रमवाल्याचा हात सुटला. तो शेजारच्या घणसोलीतच, आगऱ्यांत वाढलेला. समोर हळदीच्या बायका, कानात लहानपणापासूनचा ठेका… बघता बघता आमचं स्तुतिगीत हळदीच्या चालीत धावायला लागलं आणि बायका पदर खोचून नाचायला लागल्या. दाजींच्या तोंडाला कॉर्नेट, त्यामुळे ओरडता येईना. डोळे वटारून ते ड्रमवाल्याकडे बघत होते आणि तो नवरीकडे. थांबलो तर पाटलांच्या दारात अपशकुन, म्हणून सगळा बँड त्याच्यामागे फरपटत गेला. गाडीत बसल्यावर आता फटाके फुटणार म्हणून आम्ही श्वास रोखून बसलो. दाजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दावीद राजासुद्धा देवापुढं नाचलाच होता." एवढ्यावर ते प्रकरण मिटलं. आणि पाटील काकांनी आपल्या घराची वरची खोली बँडच्या सरावाला देऊन टाकली. तोवर आम्ही दाजींच्या हॉलमध्ये वाजवायचो आणि खालचे-वरचे शेजारी आम्हाला शाप द्यायचे. त्या दिवसापासून दर शनिवारी संध्याकाळी तळवलीच्या त्या खोलीत सराव, आणि खाली जिन्याजवळ खुर्ची टाकून पाटील काका श्रोते.

आता दातांची गोष्ट सांगितली पाहिजे. कॉर्नेटवाल्याचं सगळं काही त्याच्या पुढच्या दोन दातांवर उभं असतं. ओठ दातांवर टेकतो, माऊथपीस ओठांवर. दात गेले की ओठाला आधार राहत नाही आणि सूर पडतो. साठी ओलांडल्यावर दाजींच्या हिरड्या गेल्या आणि वरचे पुढचे दात हलायला लागले. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बघता क्षणी सांगितलं, हे काढावे लागतील, आणि लवकर. दाजी म्हणाले, "नाताळानंतर." त्या वर्षी आमचं रेकॉर्डिंग ठरलं होतं. याआधी बँडची एकच कॅसेट निघाली होती, फार जुनी. चर्चमध्ये एक माइक टांगून केलेली. तिच्यात ड्रम आणि कुणाचा तरी खोकला एवढंच स्पष्ट ऐकू येतं. लोकांच्या मोबाइलमध्ये आमचे व्हिडिओ असतील, पण त्यात रिक्षाचे हॉर्न जास्त. थोडक्यात काय, दाजींचा कॉर्नेट नीट असा कुठंच उतरलेला नव्हता, आणि आता दात चालले होते. तेव्हा आम्हा सगळ्यांना कळून चुकलं की म्हातारा रेकॉर्डिंगपर्यंत दात धरून ठेवतोय. गणपतीपासून नाताळापर्यंत तो माणूस पेज आणि मऊ भात खाऊन राहिला. गाल सुजायचा, अक्का रागवायची, "आता काय जीव गेल्यावर दात काढणार?" दाजी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून कॉर्नेट हातात घ्यायचे. मला त्यांचा राग यायचा आणि त्याहून जास्त अभिमान वाटायचा.

त्याच दिवसांत ते रोज संध्याकाळी रूथला घेऊन बसत. रूथ ऐरोलीत एका कंपनीत नोकरीला, बँडमध्ये दुसरा कॉर्नेट. चांगली वाजवायची, पण दबून. बापाच्या सावलीत वाजवणाऱ्याचं होतं तसं. आणि दाजींची एक वाईट खोड होती, तोंडावर कौतुक म्हणून करायचे नाहीत. आमच्यापैकी कुणी चांगलं वाजवलं तर "ठीक" म्हणत. रूथला तेही नाही. ते वाजवून दाखवत, ती वाजवे. ते मान हलवून पुन्हा वाजवून दाखवत. एकदा मी तिथं असताना ती वैतागून म्हणाली, "पप्पा, तुम्ही सांगा ना काय चुकतं ते, सारखं वाजवू नका, तुम्हाला त्रास होतोय." तर म्हणाले, "सांगून येत नाही गं हे. ऐक." आणि रुमालाने ओठ टिपून पुन्हा सुरू. रुमालाला रक्त होतं.

रेकॉर्डिंग तुर्भ्याच्या एका स्टुडिओत झालं. आम्ही सगळे इस्त्रीचे कपडे घालून गेलो, जणू माइकला दिसणार होतं. दाजींनी पुठ्ठ्याची फाइल उघडली, सगळ्यांना जागा दाखवल्या, आणि पहिल्या कॉर्नेटच्या खुर्चीवर रूथला बसवलं. स्वतः समोर उभे राहिले, हात वर करून, कॉर्नेट पेटीत बंद. मला आधी वाटलं माइक तपासायचा असेल. मग लक्षात आलं आणि माझं डोकंच फिरलं. "दाजी, हे काय? एवढे महिने दात कशाला सांभाळलेत मग?" ते माझ्याकडे असे बघायला लागले की मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. "हिला शिकवायला," म्हणाले. रूथ पांढरीफटक. "पप्पा, मला नाही जमणार तुमच्यासारखं." दाजी म्हणाले, "वाजव." बस्स. पाठीवर हात नाही, गोड शब्द नाही. मी चिडून बास खाली ठेवणार होतो, पण रूथने वाजवायला सुरुवात केली आणि माझा खालचा सूर आलाच होता, वाजवावंच लागलं.

त्या दिवशीची एक गंमत सांगायची राहिली. पहिलं गीत झालं आणि काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला मुलगा म्हणाला, "सर, प्रत्येक कडव्यानंतर गॅप येतोय. मी कट करू का?" आमच्यापैकी कुणालाच कळेना कसला गॅप. मग दाजींना उलगडलं. आम्ही जन्मभर चर्चमध्ये जमलेल्या मंडळीच्या गाण्याला साथ केलेली. कडवं संपलं की लोकांना श्वास घ्यायला आम्ही थांबतो; हाताची खूण लागत नाही, सवयच. त्या बंद खोलीत मंडळी नव्हती, तरी आम्ही इमानेइतबारे तिच्यासाठी थांबत होतो. दाजी म्हणाले, "कापू नका. लोक श्वास घेतात तिथं." "पण सर, लोक कुठायत?" "घरी आहेत," दाजी म्हणाले, "ते म्हणतील ना बरोबर." आणि झालंही तसंच. रेकॉर्डिंग मोबाइलवरून कुठून कुठं पोचलं. अंथरुणाला खिळलेल्या एका आजींनी निरोप पाठवला, चर्चला जाता येत नाही, पण तुमच्याबरोबर गाताना दम लागत नाही. दाजींनी तो निरोप बँडला उभं राहून वाचून दाखवला.

पण माझ्या मनातली अढी काही जाईना. नाताळानंतर दात काढले, कवळी आली आणि कॉर्नेट संपला तो संपलाच. बास मोठ्या तोंडाचा, त्याला कवळी चालते. दाजी मुकाट्यानं येऊन मागच्या रांगेत माझ्या शेजारी बसले. खोलीच्या कोपऱ्यात बँडचा जुना दुसरा बास पडून असायचा, तो पुसून मांडीवर घेतला आणि मला म्हणाले, "मेहुणे, शिकवा." इतकी वर्षं ज्यानं मला प्रकाश-प्रकाश करून फैलावर घेतलं तो माणूस माझा विद्यार्थी! मी काय सोडतो? "दानिएल, तू काय झोपलायस का?" असं मी एकदा ऐकवलंच, सगळा बँड खिदळला, दाजी सगळ्यात जास्त. मास्तर असून नवशिक्यासारखे ते चुका करत आणि कान पकडत. त्या वर्षांमध्ये मला त्यांच्याइतका मोठा माणूस दुसरा दिसला नाही. तरी अधूनमधून मी बोलून दाखवायचो, की तुमची चाल आता कुठंच ऐकायला मिळणार नाही, एक गीत तरी वाजवायचं होतंत त्या दिवशी. ते म्हणायचे, "चहा घ्या, मेहुणे."

दफनविधीला बँड वाजवणार की नाही हा प्रश्नच नव्हता. रूथला मी म्हटलं, तू नको वाजवूस, मी कुणाला तरी सांगतो. ती म्हणाली, "मामा, दुसरा कोण आहे?" रडलं की ओठ सुटतो, कॉर्नेटवाल्याला रडत वाजवता येत नाही. तिनं पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत वाजवलं, कडव्याकडव्याला मंडळीसाठी थांबली, आणि माती लोटून झाल्यावर पेटी बंद करून मगच आईच्या गळ्यात पडली. चौकातले ते साताऱ्याचे गृहस्थ आले होते. टॉवेल डोक्यावरून काढून हातात धरला होता. पाटील काका तेवढे नव्हते. ते लांब मोरा बंदराला लेकीकडे होते, जिच्या हळदीला आम्ही वाजवलं तिच्याकडे, आणि तब्येतीमुळे त्यांना गाडीतून आणणं शक्य नव्हतं.

या गोष्टीला काही आठवडे झाले. गेल्या शनिवारी मी तळवलीला जरा लवकर पोचलो. पाटील काका परत आलेले, जिन्याजवळ आपल्या खुर्चीत. मोतीबिंदूनं डोळे जवळजवळ गेलेत, माणसं ते पावलांवरून ओळखतात. वर रूथ एकटीच आलेली होती आणि कॉर्नेट वाजवत होती. मी काही बोलणार तोच काकांनी हात वर केला. "थांब रं, बोलू नको." चाल संपेपर्यंत आम्ही दोघं तसेच. मग त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "बरा केलात, परकाश. साळवेसायबांची टेप लावलीत. मना वाटला, आता त्यो आवाज काय परत ऐकाला मिलनार नाय."

"काका, टेप नाही," मी म्हटलं. "दाजींची टेपच नाही. वर रूथ वाजवतेय."

"पोरगी? आनि एवरी वर्सं शनवारी मी ऐकत होतो त्यो कोन?"

मला एकदम लख्ख आठवलं. दर शनिवारी सराव संपवून आम्ही उतरलो की पाटील काका दाजींचा हात धरून म्हणायचे, "सायेब, आज झकास वाजवलात." दाजी बास वरच ठेवून रिकाम्या हातानं खाली येत; काकांना तेव्हाही धड दिसत नव्हतं, कळायला मार्ग नव्हता. आणि दाजी छातीवर हात ठेवून, मान झुकवून ती शाबासकी घ्यायचे. मी मनात म्हणायचो, बास दोन सूर बरा वाजला तर केवढा हा आव! "काका, दात गेल्यापासून रूथच वाजवते," मी सांगितलं. "दाजी माझ्याशेजारी मागं बसायचे."

पाटील काका पोट धरून हसायला लागले. "म्हंजे ह्यो मानूस पोरीची शाबासकी सोता घेऊन जायाचा?"

आमचा आवाज ऐकून रूथ जिन्यात आली होती. कॉर्नेट हातात, पाठीमागं खोलीतला दिवा. "घेऊन नाही जायचे, काका," ती म्हणाली. "दर शनिवारी जेवताना मला सांगायचे, पाटील काकांनी तुझ्यासाठी शाबासकी पाठवलीय. मला वाटायचं, पप्पा मनानंच सांगतात. स्वतः कधी म्हणाले नाहीत ना, म्हणून…" इतकी वर्षं मी ज्या माणसाशी भांडत आलो, की तुमची चाल कुठं राहिली नाही, तो दर आठवड्याला या जिन्याखाली उभा राहून, ती राहिलीय याची खातरी करून घरी जात होता.

काकांनी खुर्चीत सावरून बसत जिन्याच्या दिशेनं तोंड केलं. "मंग आजची माज्या हातानं घे," ते म्हणाले. "पन आधी वाजव परत."

रूथनं तिथंच, जिन्यात उभ्याउभ्या, कॉर्नेट ओठाला लावला.